गुरूविना पेटी शिकलेले गोविंदराव टेंबे

शिकवणारं कुणी नाही म्हणून पियानो शिकायचं राहून गेलंय? मग ही गोष्ट वाचाच.

कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) हार्मोनियम बहुतांशी स्वतःच शिकले. पियानोसारख्याच तिच्या सप्तकातही ७ पांढऱ्या, ५ काळ्या पट्ट्या. अडचण एकच: प्रत्येक पट्टीचा स्वर ठरलेला, त्यामुळे गळ्यासारखी मींड निघत नाही. गोविंदरावांनी वाट काढली ती कानाने. भास्करबुवा बखले यांना साथ करताना, अल्लादिया खाँ यांना ऐकताना त्यांनी गायकी टिपली आणि बोटांत उतरवली.

पुढे १९११च्या ‘संगीत मानापमान’च्या चाली त्यांच्याच. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’चं संगीतही त्यांचंच, आणि त्यातला हरिश्चंद्रही तेच!

नवशिक्यांसाठी धडा सोपा आहे: बोटांआधी कान तयार करा.