दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे शिक्षक कुर्ट झेम

बंगळुरूलगतच्या आनेकल तालुक्यातील बोम्मसंद्रा येथे असो किंवा मुंबई-पुण्यात, शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांना दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेचे आता नवल राहिलेले नाही. मात्र रुग्णाला हात लावण्यापूर्वी हा सराव पेटीवर करावा, हा विचार रुजविणाऱ्यांत जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम अग्रभागी होते. याच झेम यांना वैद्यकीय व्यवसायातून निलंबित करावे, अशी सूचना एके काळी जर्मन शल्यचिकित्सक संघटनेच्या अध्यक्षांनी केली होती.

झेम यांचा जन्म १९२७ मध्ये म्युनिक येथे झाला. वैद्यकशास्त्राकडे वळण्यापूर्वी ते हत्यारे घडविण्याचे काम शिकले होते. ही विद्या त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली. पोटात दुर्बीण घालायची तर आधी पोट वायूने फुगवावे लागते आणि दाब प्रमाणाबाहेर गेल्यास जिवावर बेतू शकते. झेम यांनी १९६० च्या दशकात हा दाब स्वतःहून नियंत्रित करणारे यंत्र विकसित केले.

१९७० मध्ये ते कील विद्यापीठाच्या स्त्रीरोग रुग्णालयाचे प्रमुख झाले. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करू पाहणाऱ्या या माणसाच्या मेंदूत काही बिघाड तर नाही ना, अशी शंका तेथील सहकाऱ्यांना आली आणि त्यांनी मेंदूची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरला. एका व्याख्यानात तर अशी अनैतिक शस्त्रक्रिया दाखविता कामा नये, असे सांगून त्यांचा चित्रप्रक्षेपक मध्येच बंद करण्यात आला.

सप्टेंबर १९८० मध्ये झेम यांनी संपूर्णपणे दुर्बिणीच्या साहाय्याने अपेंडिक्स काढले. निलंबनाची सूचना आली ती यानंतर. स्त्रीरोगतज्ज्ञाने आपल्या प्रांतात पाऊल टाकल्याचा राग त्यामागे नव्हता, असे म्हणणे कठीण आहे. तरीही विरोधकांचा एक आक्षेप रास्त होता. पोट बंद असताना रक्तस्राव झाला तर तो थांबवायचा कसा? झेम यांनी त्याला उपकरणांनी उत्तर दिले. रक्तवाहिनीभोवती आवळता येणारे दोऱ्याचे फास आणि पोटाच्या आत किंवा बाहेर गाठ मारण्याच्या पद्धती त्यांनी प्रचारात आणल्या.

परंतु हत्यार मिळाले म्हणून हात बसत नाही. या शस्त्रक्रियेत लांब दांड्याचे हत्यार पोटावरील छिद्रातून आत जाते. हात उजवीकडे नेला की आतले टोक डावीकडे सरकते. पडद्यावरील चित्र सपाट असल्याने खोलीचा अंदाज येत नाही आणि बोटांना ऊतीचा स्पर्श जवळजवळ कळत नाही. उघड्या पोटावर वर्षानुवर्षे काम केलेला निष्णात शल्यचिकित्सकही येथे पहिल्या दिवशी नवशिका ठरतो. यासाठी झेम यांनी १९८० च्या दशकात सरावाची पेटी तयार केली. तिच्या आवरणातील छिद्रांतून हत्यारे आत घालायची आणि आत ठेवलेल्या ऊतीवर कापणे, पकडणे, गाठ मारणे यांचा अभ्यास करायचा, अशी ही रचना होती. येथे चूक झाली तर कोणालाही इजा होत नसे.

झेम यांच्या कामापासून प्रेरणा घेतलेल्या एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीतच दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. भारतात ही शस्त्रक्रिया प्रथम ३१ मे १९९० रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. उदवाडिया यांच्या गाठीशी १९७२ पासूनचा दुर्बिणीद्वारे रोगनिदानाचा अनुभव होता. इतरत्र मात्र अनेकांनी मोजक्या दिवसांच्या प्रशिक्षणावर ही शस्त्रक्रिया सुरू केली. परिणामी पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा वाढले. नळी ओळखण्यातील एका चुकीची किंमत रुग्णाला पुढे अनेक वर्षे मोजावी लागते. पेटीची थट्टा करण्याचे दिवस तेव्हा संपले.

झेम १९९५ मध्ये कील येथून निवृत्त झाले आणि जुलै २००३ मध्ये अमेरिकेतील टूसान येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेच्या शल्यचिकित्सा मंडळाने प्रमाणपत्रासाठी पेटीवरील चाचणी सक्तीची केली. खुंट्यांवरील ठोकळे उचलून दुसरीकडे ठेवणे, आखलेले वर्तुळ कापणे आणि गाठ मारणे ही कामे तेथे घड्याळ लावून करावी लागतात.