विश्लेषण : थॉमस जेफरसन यांच्या घरची बिअर नेमकी कोण बनवत होते?

बिअरचे मग, टी-शर्ट आणि समाजमाध्यमांवर थॉमस जेफरसन यांच्या नावाने बिअरची तारीफ करणारे एक वाक्य अनेक वर्षे फिरते आहे. ते वाक्य त्यांचे असल्याचा पुरावा मॉन्टिसेलो या त्यांच्या घराचा सांभाळ करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांना सापडलेला नाही. मात्र जेफरसन यांच्या घरी बिअर बनत होती, हे खरे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे आणि पुढे देशाचे तिसरे अध्यक्ष झालेले जेफरसन घरगुती बिअर बनवणाऱ्या हौशी मंडळींचे जुने दैवत आहेत. पण ती बिअर त्यांच्या हातची नव्हती.

सुरुवात कोणी केली?

जेफरसन यांचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनियातील शॅडवेल येथे झाला. वडील जमीनदार. मुलगा चौदा वर्षांचा असतानाच ते वारले आणि जमीन व गुलाम वारशाने आले. विल्यम्सबर्गला शिक्षण आणि वकिली झाल्यावर जेफरसन यांनी शार्लट्सव्हिल गावाजवळच्या टेकडीवर स्वतःच्या आराखड्याप्रमाणे घर बांधायला घेतले. तेच मॉन्टिसेलो. या घराच्या अगदी सुरुवातीच्या नकाशांतही बिअर बनवण्यासाठी आणि साठवण्यासाठी जागा राखलेली दिसते. त्यात नवल नव्हते. व्हर्जिनियातल्या मोठ्या शेतमळ्यांवर साबण, मेणबत्त्या आणि लोणी घरीच होत असे, तशीच बिअरही. आणि ही जबाबदारी मालकिणीकडे असे.

१ जानेवारी १७७२ रोजी जेफरसन यांनी मार्था या तरुण विधवेशी लग्न केले. मार्था यांच्या हिशेबवहीतून घरच्या बिअरचा पहिला माग लागतो. साधारण दर दोन आठवड्यांनी १५ गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर ‘स्मॉल बिअर’ त्या करवून घेत. ही जेवणाबरोबर रोज घ्यायची, कमी अल्कोहोलची हलकी बिअर. फार टिकत नाही, म्हणून वरचेवर करावी लागे. वहीतली एक नोंद तर कादंबरीकाराला सुचणार नाही अशी आहे : एक जुना सदरा देऊन सात पौंड हॉप्स घेतल्याची.

‘करवून घेत’ हा शब्द येथे महत्त्वाचा. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या उर्सुला ग्रेंजर या गुलाम होत्या. मार्था हातात पाककृतींचे पुस्तक घेऊन येत आणि उर्सुला यांना वाचून दाखवत, अशी आठवण उर्सुला यांचा मुलगा आयझॅक याने म्हातारपणी सांगितली आहे. सफरचंदाची सायडर बाटल्यांत भरायचे काम विश्वासाने सोपवावे असे उर्सुलाशिवाय कोणी नाही, असे पुढे खुद्द जेफरसन यांचेही मत होते.

हॉप्स म्हणजे काय?

हॉप ही वेल. तिची शंकूसारखी, पापुद्र्यापापुद्र्यांची फुले बिअरमध्ये घालतात. बिअरचा पाया मात्र धान्याचा. आपल्याकडे नाचणीच्या सत्त्वासाठी धान्य भिजवतात, मोड आणतात, वाळवतात; बिअरसाठी बार्ली किंवा गव्हाचे तेच करतात. हे मोडाचे वाळलेले धान्य म्हणजे मॉल्ट. ते भरडून गरम पाण्यात ठेवले की गोड पाणी उतरते. नुसते हे पाणी आंबवले तर पेय गोडसर आणि लवकर बिघडणारे होते. हॉप्स घालून ते उकळले की फुलांतली राळ कडूपणा देते आणि नको ते जिवाणू वाढू देत नाही. मग निवलेल्या पाण्यात आधीच्या खेपेचा गाळ विरजणासारखा घालायचा. त्या गाळात यीस्ट नावाचे सजीव असतात आणि तेच आंबवण्याचे काम करतात, हे लुई पाश्चर यांनी दाखवून द्यायला अजून काही दशके होती. काम मात्र बिनबोभाट चालत होते.

उकळण्यात एक तोटा असतो. हॉप्समधली सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. म्हणून आंबण्याचा जोर ओसरल्यावर थंड बिअरमध्ये थोडी सुकी फुले टाकायची. हेच ‘ड्राय हॉपिंग’. कडूपणा फारसा वाढत नाही, वास भरून येतो. आज घरी बिअर करणारे यासाठी फुले मलमलीच्या पिशवीत बांधून सोडतात. जेफरसन यांच्या काळातले इंग्रज ब्रुअर ती सरळ पिंपात टाकत. लंडनहून मुंबई आणि कोलकात्याला येणाऱ्या बिअरच्या पिंपांत तर हॉप्सचा हात सढळ असे, कारण विषुववृत्त ओलांडणाऱ्या काही महिन्यांच्या प्रवासात तिला टिकायचे असे. पुढे त्याच बिअरला ‘इंडिया पेल एल’ हे नाव पडले.

मॉन्टिसेलोला हॉप्स कुठून येत, याचाही हिशेब सापडतो. गुलामगिरीतली कुटुंबे रविवारी आणि रात्री आपापल्या लहानशा वाफ्यांत भाजी लावत, कोंबड्या पाळत आणि मालकाच्याच घराला विकत. उर्सुला यांचा दुसरा मुलगा बॅगवेल याच्याकडून जेफरसन यांनी एकदा ६० पौंड हॉप्स २० डॉलरना घेतल्याची नोंद आहे. दिवसभर मालकाच्या शेतात राबल्यावर पिकवलेले हे हॉप्स. माणूस मालकीचा, पण त्याच्या वाफ्यातल्या मालाचे पैसे मोजायचे, असा तो विचित्र व्यवहार होता.

पॅरिसनंतर काय बदलले?

१७७६ मध्ये जेफरसन यांनी सर्व माणसे समान असल्याचे जाहीरनाम्यात लिहिले. आयुष्यभरात त्यांच्या मालकीची माणसे सहाशेहून अधिक होती. त्यांतली बरीच सासऱ्यांकडून आली. मार्था यांचे वडील जॉन वेल्स १७७३ मध्ये वारले, तेव्हा जमीन, मोठे कर्ज आणि गुलाम असा तिहेरी वारसा जेफरसन दाम्पत्याकडे आला. त्यात एलिझाबेथ हेमिंग्ज आणि त्यांची मुले होती. यांपैकी जेम्स, पीटर, सॅली आणि इतर काही मुलांचे वडील स्वतः वेल्स होते, म्हणजे ही भावंडे मालकीण मार्था यांचीच सावत्र भावंडे. पीटर यांचा जन्म १७७० चा. मॉन्टिसेलोला आले तेव्हा ते लहान मूल होते.

६ सप्टेंबर १७८२ रोजी मार्था गेल्या. दोन वर्षांनी जेफरसन राजनैतिक कामासाठी पॅरिसला गेले आणि फ्रेंच स्वयंपाक शिकवण्यासाठी जेम्स यांना बरोबर घेऊन गेले. या मुक्कामात जेफरसन यांना वाइनचे जे वेड लागले ते कायमचे. अध्यक्षपदाच्या आठ वर्षांत (१८०१ ते १८०९) त्यांनी वाइनवर दहा हजार डॉलरहून अधिक खर्च केले, तेही वर्षाचा पगार २५ हजार डॉलर असताना. मॉन्टिसेलोला जेवताना बिअर किंवा सायडर, आणि वाइन जेवण उरकल्यावर, अशी रीत होती.

जेम्स यांनी स्वातंत्र्य मागितले. जेफरसन यांनी अट घातली : आधी दुसऱ्याला तयार करा. जेम्स यांनी धाकट्या भावाला, पीटर यांना, सगळे शिकवले आणि १७९६ मध्ये ते मुक्त झाले. भावाच्या सुटकेची किंमत म्हणून पीटर यांच्या वाट्याला चूल आली. ते इतके तरबेज झाले, की अध्यक्ष असताना जेफरसन यांनी वॉशिंग्टनहून मुलीला पत्र पाठवून पीटर करतात तसे मफिन कसे करायचे ते विचारले. तिथल्या फ्रेंच आचाऱ्याला ते जमत नव्हते.

ब्रुअर कोण होते?

१८०९ मध्ये जेफरसन कायमचे घरी परतले. वॉशिंग्टनला तयार झालेल्या दोन स्वयंपाकिणी त्यांच्यासोबत आल्या आणि पीटर यांचे स्वयंपाकघर सुटले. १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध पेटले. अमेरिकेत असलेल्या ब्रिटिश नागरिकांना किनाऱ्यापासून दूर, देशाच्या आतल्या भागात राहण्याचा हुकूम निघाला. वारशाच्या कामासाठी इंग्लंडहून आलेले जोसेफ मिलर नावाचे कसबी ब्रुअर या तडाख्यात सापडले आणि मॉन्टिसेलोच्या परिसरात येऊन राहिले. जेफरसन यांनी संधी साधली. १८१३ च्या शरद ऋतूत मिलर यांनी टेकडीवर बिअर बनवायला घेतली आणि शिष्य म्हणून त्यांच्या हाताखाली दिले गेले ते पीटर हेमिंग्ज. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते.

मार्था यांच्या काळातल्या हलक्या बिअरपेक्षा हे काम वेगळे होते. आता दमदार ‘एल’ होणार होती, बाटलीत भरून बूच मारून महिनोन्‌महिने ठेवता येईल अशी. शेतात बार्ली नव्हती, म्हणून मॉल्ट गव्हाचा. मोड किती लांब झाल्यावर धान्य वाळवायचे, पाणी किती गरम, आंबणे कधी थांबले हे सारे नजरेने, हाताने आणि नाकाने ओळखायचे. उन्हाळ्यात बिअर नासते आणि कडाक्याच्या थंडीत आंबत नाही, म्हणून हंगाम वसंत आणि शरद हे दोनच. मिलर गेल्यानंतर पीटर एकटेच मॉल्टही करत आणि बिअरही.

कृती का पाठवली नाही?

मॉन्टिसेलोच्या बिअरची कीर्ती शेजारीपाजारी पसरली. १८२० च्या एप्रिलमध्ये जेफरसन यांनी आपले जुने मित्र आणि माजी अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांना कळवले, की तुमचा माणूस पाठवा, आमचा ब्रुअर त्याला शिकवेल. पत्रात त्यांनी या ब्रुअरच्या असामान्य बुद्धीची आणि शिकवण्याच्या हातोटीची तारीफ केली. जेफरसन गुलामगिरीतल्या माणसाच्या बुद्धीबद्दल अशी तारीफ क्वचितच करत. आफ्रिकी वंशाचे लोक बुद्धीने कमी असावेत, असा संशय त्यांनी तरुणपणी आपल्या एकमेव पुस्तकात छापून ठेवला होता. तो त्यांनी कधी जाहीरपणे मागे घेतला नाही.

पुढच्या वर्षी व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर जेम्स बार्बर यांनी मॉन्टिसेलोला चाखलेल्या बिअरची कृती मागितली. आयुष्यभर हवामानापासून वाटाण्याच्या पहिल्या शेंगेपर्यंत सगळे टिपून ठेवणाऱ्या जेफरसन यांनी उत्तर दिले, की कृती माझ्याकडे नाही, आणि नुसत्या लेखी कृतीवरून मॉल्ट आणि बिअर जमेल असे वाटत नाही. एवढे मात्र सांगितले, की बाजारातले ब्रुअर एका बुशेल मॉल्टमधून १५ गॅलन काढतात, म्हणून त्यांची बिअर पाणचट. आमच्याकडे ८ ते १० च काढतात. प्रमाण मालकाला ठाऊक होते. बाकीचे पीटर यांच्या हातात होते.

पुढे काय झाले?

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, जेफरसन यांचे निधन झाले. मागे एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. मृत्युपत्राने त्यांनी पाच जणांना मुक्त केले. त्यांत सॅली हेमिंग्ज यांची दोन मुले होती. या मुलांचे वडील स्वतः जेफरसन होते, हे कागदपत्रे आणि १९९८ ची डीएनए चाचणी यांच्या आधारे आज बहुतेक इतिहासकार मानतात. त्या पाचांत सॅली यांचे भाऊ पीटर नव्हते.

जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोच्या टेकडीवर लिलाव झाला. जाहिरातीत १३० माणसांचा उल्लेख होता; घरातले सामान, गुरे आणि अवजारेही विकायला काढली होती. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे अशी कुटुंबे फुटली. पीटर तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या आसपास होते. त्यांना डॅनिएल फार्ली या स्वतंत्र झालेल्या भाच्याने विकत घेतले, एका डॉलरला. मॉन्टिसेलोला असतानाच पीटर शिवणकाम शिकले होते. पुढची वर्षे ते शार्लट्सव्हिलला शिंपी म्हणून राहिले.