संत थॉमस मोर : सण २२ जून

सन २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी संत थॉमस मोर ह्यांना राज्यकर्त्यांचे व राजकारणी लोकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ज्यांना राजद्रोही ठरवून राज्यानेच ठार केले, त्यांना हा मान मिळाला!

१४७८ साली लंडनमध्ये जन्मलेले मोर पेशाने वकील. तीन मुली आणि एक मुलगा असा त्यांचा संसार. न्यायदानात ते नाते पाहत नसत. त्यांच्या एका जावयाला त्यांच्याच न्यायालयात खटला हरावा लागला. १५२९ साली आठव्या हेन्री राजाने त्यांना लॉर्ड चॅन्सलर नेमले. ह्या काळात सहा जणांना पाखंडी ठरवून जाळण्यात आले आणि त्यांतील काही प्रकरणांत मोर ह्यांचा हात होता, हेही सांगायला हवे. संतांचे चरित्र म्हणून ते झाकून ठेवू नये.

राणी कॅथरीनशी झालेला आपला विवाह रद्द व्हावा म्हणून हेन्रीने पोपमहोदयांकडे मागणी केली. ती मान्य होईना, तेव्हा त्याने ख्रिस्तसभाच आपल्या हुकमतीखाली आणायला सुरुवात केली. मोर ह्यांनी १५३२ साली पद सोडले. १५३४ साली नव्या राणीच्या वारसांसाठी सर्वांनी शपथ घ्यावी असा कायदा झाला. गादीवर कोणी बसावे हे ठरवण्याचा पार्लमेंटचा अधिकार मोर ह्यांना मान्य होता. परंतु शपथेच्या शब्दांत पोपमहोदयांचा अधिकारही नाकारला जात होता. त्यांनी शपथ नाकारली आणि टॉवरच्या तुरुंगात गेले.

पुढे राजाला इंग्लंडमधील ख्रिस्तसभेचा सर्वोच्च प्रमुख ठरवण्यात आले, आणि त्याविरुद्ध नुसता शब्द काढणे हाही राजद्रोह झाला. मोर मुरलेले कायदेपंडित. ते गप्प राहिले. मौन म्हणजे विरोध नव्हे, कायद्याने तर ती संमतीच मानावी लागेल, असा त्यांचा बचाव होता. पत्नी अॅलिसला हा हट्ट कळेना. बिशप जॉन फिशर सोडल्यास सर्व बिशपांनी शपथ घेतली होती. लाडकी लेक मार्गारेट हिनेही ती घेतली होती, आणि तीही वडिलांचे मन वळवायला तुरुंगात आली. मोर ह्यांनी शपथ घेणाऱ्या कोणालाही दोष दिला नाही. स्वतः मात्र हलले नाहीत.

१ जुलै १५३५ रोजी खटला चालला. रिचर्ड रिच ह्या सरकारी अधिकाऱ्याच्या साक्षीवर, जी मोर ह्यांनी खोटी म्हटली, त्यांना दोषी ठरवण्यात आले. आता मौनाचा उपयोग नव्हता. तेव्हाच त्यांनी उघडपणे सांगितले, की एका देशाचे पार्लमेंट साऱ्या ख्रिस्तसभेविरुद्ध कायदा करू शकत नाही.

६ जुलै रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. शीर लंडनच्या पुलावर टांगले होते. मार्गारेटने ते मिळवले आणि जपून ठेवले.