उपाशी कुत्र्याने दाखविलेले पित्ताशय

पोटाच्या सोनोग्राफीला उपाशीपोटी यावे लागते, हे आता घरोघरी ठाऊक आहे. पित्ताशयाच्या तपासणीत उपवासाचे महत्त्व प्रथम उमगले ते मात्र सेंट लुईसच्या एका प्रयोगशाळेत, आणि तेही नोकराच्या विसरभोळेपणामुळे!

तेथील वॉशिंग्टन विद्यापीठात १९१९ पासून शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहम. जन्म १८८३ चा, शिकागोचा, वडीलही शल्यविशारद. त्या काळी पित्ताशयाच्या विकाराचे निदान म्हणजे बहुतांशी अनुभवी डॉक्टरांचा अंदाजच असे. बहुतेक पित्तखडे साध्या क्ष-किरण चित्रात दिसतच नाहीत. तोच खडा पित्तनलिकेत उतरून अडकला, की कावीळ होते, कधी स्वादुपिंडाला जीवघेणी सूज येते. खात्री करायची तर पोट उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

फिनॉल्फ्थॅलिनची काही संयुगे यकृतातून पित्तात उतरतात, हे ज्ञात होते. त्यांना क्ष-किरण अडविणारे आयोडीन वा ब्रोमीन जोडले तर पित्ताशयाची सावली उमटेल, असे ग्रॅहम यांना वाटले. त्यांचे तरुण सहकारी वॉरेन कोल यांनी कुत्र्यांवर प्रयोग आरंभिले. महिनोन् महिने चित्रे कोरीच निघाली. १९२३ च्या अखेरीस एका कुत्र्याच्या चित्रात अचानक सावली दिसली. चौकशीअंती कळले, की त्या दिवशी त्याला खाऊ घालायचेच राहून गेले होते. अन्न पोटात गेले की पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होते. उपाशी प्राण्यात ते भरलेले राहते, त्यातील पित्त दाट होते. १९२४ मध्ये ही तपासणी माणसावर यशस्वी झाली. आरंभी औषध शिरेतून देत, पुढे गोळ्या आल्या. सोनोग्राफीचा प्रसार होईपर्यंत सुमारे अर्धशतक हीच पद्धत प्रचलित होती.

एवढ्यावर ग्रॅहम थांबले नाहीत. ५ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी कर्करोगग्रस्त डॉक्टरचे एक संपूर्ण फुप्फुस काढले आणि रुग्ण वाचला. धूम्रपान व फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संबंधाविषयी मात्र ते साशंक होते. स्वतः सिगारेट ओढणारे! तरीही अर्न्स्ट वाइंडर या विद्यार्थ्याला त्यांनी साथ दिली, आणि १९५० मध्ये दोघांनी ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून तो संबंध दाखवून दिला. पुढे ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली, पण फार उशिरा. मार्च १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचे निधन झाले. १९३३ चा तो रुग्ण त्या वेळी हयात होता.