खाँसाहेबांची बिनफीची शाळा

डिसेंबरात हडपसर-मांजरीकडून शाली, स्वेटर घेऊन सवाई गंधर्व महोत्सवाला जाणारे रसिक थोडे नाहीत. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये हा उत्सव आपल्या गुरूंच्या, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केला, हे बहुतेकांना ठाऊक असते. रामभाऊंचे गुरू कोण, इथपर्यंत मात्र सगळे पोचत नाहीत. ते उस्ताद अब्दुल करीम खाँ. याच पुण्यात १९१३ मध्ये त्यांनी एक शाळा काढली आणि तिचे नाव ठेवले आर्य संगीत विद्यालय. मुसलमान उस्तादाने काढलेली, सर्व जातींच्या मुलांना घरात ठेवून घेणारी, फी न मागणारी ही शाळा दहा वर्षेही धड चालली नाही. तरी तिच्यामागचा विचार आजही महाराष्ट्राच्या गाण्यात ऐकू येतो.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. किराणा घराणे हे नाव या गावावरूनच आले. घर गवय्यांचे आणि वाजवणाऱ्यांचे. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम सुरू झाली. आधी हातात आली ती सारंगी. सारंगियाला त्या काळी मैफलीत मान नव्हता. गायकाच्या मागे बसायचे, गायकाने घेतले ते तारेवर उमटवायचे, एवढेच त्याचे काम. पण या कामात कान असा तयार होतो की सूर केसभर हलला तरी कळतो. पुढे खाँसाहेब गायला लागले तेव्हाही त्यांच्या गळ्यातली मींड सारंगीच्या गजासारखीच एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जात राहिली. त्यांच्या जुन्या तबकड्या आज ऐकल्या तरी हे जाणवते.

तेव्हाची खानदानी तालीम बंद पेटीसारखी असे. खास बंदिशी मुलाला, भाच्याला. परक्या शागिर्दाला वर्षानुवर्षे सेवा करूनही त्यातले थोडेच. त्यामागे केवळ कंजूषपणा नव्हता. विद्या हीच त्या घरांची मालमत्ता होती, दुसरी इस्टेट नव्हती. अब्दुल करीम अशा घरात शिकले आणि तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्यासह सयाजीराव महाराजांच्या बडोद्याला गेले. तिथे वेगळेच चित्र होते. मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये बडोदे संस्थानात संगीतशाळा सुरू केली होती. वर्ग भरत, स्वरलिपीतून गाणे शिकवले जाई. घराण्याबाहेरच्या मुलांनाही गाणे शिकवता येते, हे तिथे डोळ्यांसमोर होते.

बडोद्यानेच त्यांचे आयुष्य वळवले. दरबारातल्या सरदार माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे शिकत. दोघांचे मन जुळले. मराठा सरदाराची मुलगी आणि मुसलमान गवई. बडोद्यात राहणे शक्य नव्हते. दोघे मुंबईला निघून आले आणि पुढे मिरजेत स्थिरावले. मुलांना दोन-दोन नावे होती. अब्दुल रहमान म्हणजे सुरेशबाबू माने, चंपाकली म्हणजे हिराबाई बडोदेकर, सकीना म्हणजे सरस्वतीबाई राणे. ही नावे मराठी घरांत किती आपुलकीने घेतली जातात हे वेगळे सांगायला नको; ती ज्या घरातून आली ते घर मात्र फारसे आठवले जात नाही.

मिरजेशी खाँसाहेबांचे नाते जुळले ते ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यामुळे. त्यांना प्लेग झाला, ते दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले, अशी आठवण मिरजेत सांगितली जाते. प्लेगने त्या वर्षांत गावेच्या गावे ओस पाडली होती, त्यामुळे वाचलेल्या माणसाची कृतज्ञता समजण्यासारखी आहे. त्यानंतर उरुसात दर्ग्याच्या आवारात गायची हजेरी त्यांनी चुकवली नाही. संगीत जायज की नाजायज हा मुस्लिम समाजातला वाद जुना आहे आणि त्यात इथे शिरण्याचे कारण नाही. सूफी दर्ग्यांत सुरांची हजेरी शतकानुशतके लागत आली आहे आणि खाँसाहेब त्या वाटेचे होते. शिवाय हा दर्गा असा की उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. कोण आत यावे आणि कोण नको, हा प्रश्नच जिथे विचारला जात नाही अशी ती जागा.

मिरजेहून ते धारवाड, हुबळी, म्हैसूरकडे वारंवार जात. म्हैसूर दरबारात त्यांचा मान झाला. कर्नाटक संगीत त्यांनी दुरून वाखाणले नाही, ते शिकले. त्यागराजांची कृती तबकडीवर गायले. ख्यालात सरगम घेण्याची त्यांची रीत तिकडून आली असे जाणकार मानतात. याच मुलखात कुंदगोळचा रामभाऊ हा मुलगा त्यांना मिळाला. शिकवीन, पण आठ वर्षे सोबत राहावे लागेल, अशी अट त्यांनी घातली. आठ वर्षे! आजच्या पालकांना सहा महिन्यांत मुलगा स्पर्धेत उभा राहिलेला हवा असतो, म्हणून ही अट विचित्र वाटेल. तिच्यात खाँसाहेबांची सगळी शिकवण आहे.

त्यांचा भर सुरावर होता, बंदिशींच्या संख्येवर नव्हता. तंबोरा नीट जुळला नाही तर गाणे सुरूच व्हायचे नाही. षड्ज लावून बसायचे, तो हलायचा थांबेपर्यंत बसायचे. खर्जाची मेहनत पहाटेची. मग थोडे राग, तेही दीर्घकाळ, कारण एका रागातला प्रत्येक सूर कुठे टेकतो हे कानाला कळले की दुसऱ्या रागाची वाट सापडते. रमजानात तरावीहच्या नमाजात हाफिज कुराण तोंडपाठ सुनावतात. ते पाठांतरही असेच होते. उस्तादासमोर बसायचे, त्यांच्या तोंडून ऐकायचे, उच्चार जिथे चुकला तिथे तो पुन्हा म्हणायचा. तुलना अर्थात शिकवण्याच्या पद्धतीपुरतीच. पण कागदावर न मावणारी गोष्ट तोंडातून कानात कशी द्यावी लागते आणि त्याला किती सब्र लागतो, हे कुणाही हाफिजाच्या घरी लगेच समजेल.

पुण्यात शाळा निघाली तेव्हा काळ नव्या पद्धतीचा होता. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते. भातखंडे बंदिशी गोळा करून ग्रंथ लिहीत होते. अनेक उस्तादांना शास्त्र येत नाही, ते विद्या दडवतात, असे तेव्हा उघड बोलले जाई. खाँसाहेबांनी त्यावर शाळाच काढून उत्तर दिले. विद्या दडवायची नाही, पण ती वर्गाच्या तासात मावत नाही, म्हणून मुले घरात राहतील. राहणे, जेवण, तालीम सारे उस्तादांकडे. खर्च भागे तो जलशांतून. जलशात शिष्यही गात. म्हणजे मुलाचे मैफलीत बसणे हीच त्याची परीक्षा आणि त्यावरच चूल.

शास्त्र येत नाही या आक्षेपाचेही त्यांनी ऐकून घेतले नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स हे बावीस श्रुतींचे मोजमाप करत होते, तेव्हा श्रुती गळ्याने दाखवून देणारे खाँसाहेब होते. दोघांचे गणित याच्या गळ्यावर तपासले गेले. टिपू मियाँ नावाचा कुत्राही त्यांनी सुरात ओरडायला शिकवला होता, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी कशीही असो, शिकवण्याचा त्यांचा नाद लोकांना किती अजब वाटे हे तिच्यातून कळते.

या व्यवस्थेत एक मोठी कच्ची बाजू होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सगळी शाळा एका माणसाच्या गळ्यावर टांगलेली. जलसा झाला तर पैसा. एवढ्या मुलांचा भार पडे तो घरावर. शिष्यही कायम हाती राहत नव्हते. रामभाऊ नाटक कंपनीत गेले. उस्तादांना ते रुचले नाही, पण पोटासाठी रंगभूमी हाच तेव्हा सरळ रस्ता होता. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ज्या मुलांना बापाकडून सगळे मिळायला हवे होते ती आता माने, बडोदेकर झाली. सुरेशबाबू आणि हिराबाई यांना पुढची तालीम मिळाली ती किराण्याच्याच अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. परक्यांच्या मुलांसाठी घर उघडणाऱ्या माणसाचे स्वतःचे घर असे रिकामे झाले. शाळाही मिटली. खाँसाहेब मिरजेला परतले.

शिकवणे मात्र सुटले नाही. नात्यातली रोशनआरा त्यांच्याकडे शिकली आणि फाळणीनंतर पाकिस्तानची थोर गायिका ठरली. इकडे रामभाऊंनी नाटक सोडल्यावर गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर यांना शिकवले. सुरेशबाबू-हिराबाईंकडे प्रभा अत्रे शिकल्या. यात ब्राह्मण, पारशी, मुसलमान, देवदासी परंपरेतल्या स्त्रिया, सगळे आले.

१९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासकडे होते. तिथून पाँडिचेरीला निघाले असता गाडीत तब्येत बिघडली. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनवर शिष्यांनी त्यांना उतरवले. फलाटावर बसून त्यांनी नमाज अदा केली आणि दरबारी कानड्याच्या सुरांत अल्लाहची आळवणी करत प्राण सोडला, असे शिष्यांकडून कळते. तारीख २७ ऑक्टोबर. शाबान सरत आला होता, रमजान आठ-दहा दिवसांवर होता.

देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केला गेला. तिथे उरुसात आजही त्यांच्या नावाने गाण्याच्या मैफली होतात. गायक रात्रभर गातात, ऐकणारे आवारात जमिनीवर बसतात आणि तिकीट नसते.