पालवणकर बाळू : एक चेंडू आणि मातीचा पेला

आमच्या वसतिगृहाच्या मैदानावर दररोज सायंकाळी क्रिकेट रंगते. कोण फलंदाजी करणार आणि कोण कर्णधार होणार, यावरून वादही होतात. मात्र त्या वादात कोणाची जात निघत नाही. हे सहज घडलेले नाही, याचे स्मरण राहावे म्हणून या स्मरणिकेत आम्ही पालवणकर बाळू यांचे चरित्र सादर करीत आहोत.

बाळूंचा जन्म 1876 मध्ये धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस होते. बाळूंचे बालपण पुण्यात गेले. तेथील पारशी क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रूळ फिरविण्याचे काम त्यांना मिळाले. वेतन दरमहा तीन रुपये. पुढे गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात ते चार रुपयांवर गेले. जाळी बांधता बांधता चेंडू हाती आला आणि डावखुऱ्या संथ गोलंदाजीत ते निष्णात झाले. ग्रेग या इंग्रज फलंदाजाला त्यांनी तासन्‌तास सराव दिला. बाद केल्याबद्दल ग्रेग त्यांना आठ आणे देत, असे सांगितले जाते. फलंदाजीची संधी मात्र तेथे त्यांना कधीच मिळाली नाही.

पुण्यातील हिंदू क्लबाला सामने जिंकायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेतले गेले. त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा मंडपाबाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या पेल्यात येई. चेंडूचा विटाळ होत नव्हता, पेल्याचा होत होता! अस्पृश्यतेचा खोटेपणा याहून स्पष्ट कोठे दिसणार?

प्लेगच्या काळात ते मुंबईस आले. 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरविले. त्या सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात संघ वारंवार हरला, परंतु बाळूंनी एकट्याने 114 बळी मिळविले. मायदेशी परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे अभ्यासक नमूद करतात.

एवढी कामगिरी करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. 1920 मध्ये ते पुन्हा डावलले गेले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले. अखेर बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि अंतिम सामन्यात पै मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ त्यांनी संघाचे नेतृत्व केले. पुढे 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले व संघ विजयी ठरला. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याने मिळविला.

बाळूंचा राजकीय मार्ग मात्र आमचा नव्हता. 1932 च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. 1935 मध्ये बाबासाहेबांनी केलेली धर्मांतराची घोषणा त्यांना पटली नाही. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते मिळाली. हे सत्य आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवू इच्छित नाही. मतभेद असलेल्या माणसाचे ऋण मान्य करण्यासही मोठे मन लागते, आणि ते घडविणे हे शिक्षणाचेच काम होय.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. पुढच्याच वर्षी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. दोघांचे मार्ग वेगळे राहिले, तरी दोघांनी सोसलेला अपमान एकच होता.

आज आमच्या भोजनगृहात सर्वांचे पेले एकाच रांगेत मांडलेले असतात. खेळून दमलेल्या मुलांनी त्यातील कोणताही पेला उचलावा, आणि उचलताना बाळूंची आठवण ठेवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.