रेषा आखणारा वैद्य : एमिल क्रेपेलिन

मानसशास्त्राच्या वर्गात फ्रॉइडचे नाव नित्य कानी पडते. त्याच साली, म्हणजे १८५६ मध्ये, जन्मलेल्या एमिल क्रेपेलिन यांचे नाव मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. वास्तविक आज आपण ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतो, त्या विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती प्रामुख्याने या जर्मन वैद्याच्या चिकाटीमुळे.

उत्तर जर्मनीतील नॉयश्ट्रेलित्स हे त्यांचे जन्मगाव. थोरले बंधू कार्ल हे निसर्गशास्त्रज्ञ. त्यांच्या सहवासात धाकट्या एमिलला जीवशास्त्राची गोडी लागली. वैद्यकीचे शिक्षण घेत असताना लाइप्त्सिग येथे वुंट यांच्याकडे त्यांनी प्रयोगाची शिस्त आत्मसात केली. तिसाव्या वर्षी ते दोर्पात विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १८९१ मध्ये हायडेलबर्गला आले.

तेथे त्यांनी प्रत्येक रुग्णाचे एक टिपणपत्र ठेवले. आज रुग्ण काय बडबडतो, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. आजार कधी सुरू झाला, वर्षानुवर्षे कसा चालला आणि त्याची अखेर काय झाली, हे ते पाहत. या टिपणांच्या आधारे त्यांनी १८९९ मध्ये मोठ्या मनोविकारांमध्ये एक रेषा आखली. एका बाजूला तरुण वयात बुद्धी व भावना पोखरणारा विकार, तर दुसऱ्या बाजूला येऊन-जाऊन असणारे उन्माद आणि विषाद. पहिल्या विकाराला स्किझोफ्रेनिया हे नाव पुढे १९०८ मध्ये ब्लॉयलर यांनी दिले.

या विकारांचे मूळ मोठ्या अंशी आनुवंशिकतेत आहे, असे क्रेपेलिन मानत. १९१७ मध्ये त्यांनी म्युनिक येथे संशोधनसंस्था स्थापन केली. तेथे घराण्यांच्या वंशावळींचा अभ्यास एर्न्स्ट र्‍यूदिन यांच्याकडे सोपविण्यात आला. समाजाचा वंश खालावत चालला आहे, ही त्या काळची भीती क्रेपेलिन यांच्याही मनात होती. थोर माणसाच्या चरित्रातील ही काळी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९३३ च्या नाझी कायद्याने अशा रुग्णांची सक्तीने नसबंदी सुरू झाली. त्या कायद्याचे भाष्य लिहिणाऱ्यांत र्‍यूदिन होते.

आणि ती रेषा? आयुष्याच्या उत्तरार्धात, १९२० मध्ये, ती आपण समजत होतो तितकी स्पष्ट नाही, हे क्रेपेलिन यांनी स्वतःच मान्य केले. २००९ मधील जनुकीय संशोधनात दोन्ही विकारांची आनुवंशिक मुळे बऱ्याच अंशी एकमेकांत गुंतलेली आढळली. २०२२ च्या अभ्यासात सुमारे ७६ हजार रुग्णांच्या तपासणीतून स्किझोफ्रेनियाशी संबंधित २८७ जनुकीय स्थाने हाती आली. त्यांतील प्रत्येकाचा परिणाम अगदी अल्प असतो, आणि तसे अनेक अल्प अंश आपल्यापैकी कोणाच्याही ठायी असतात. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला, तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही.

म्हणजे आनुवंशिकता खरी, पण घराण्याचा कलंक खोटा. एखाद्या घरी वेड आहे अशी कुजबूज करून जमत आलेले लग्न मोडणाऱ्यांनी एवढे ध्यानी घेतले, तरी क्रेपेलिन यांच्या त्या टिपणपत्रांचे चीज झाले असे म्हणता येईल.